सुट्टीच्या दिवशी मोजलेला उकाडा

“अहो साहेब, ह्यात मशिनांच्या मोटारी कुठायत?” सूतगिरणीत आमच्या आक्का एसीवाल्या इंजिनिअरचा हिशेबाचा कागद नाचवत ओरडत होत्या. नवा एसी चालू असूनही त्यांच्या शेजारची कांता सकाळीच चक्कर येऊन पडली होती.

एसी केवढा लागेल ते ठरवायला साहेबांनी खिडकीतलं ऊन मोजलं होतं, दिवे मोजले होते, हजेरीपटावरून माणसंही धरली होती. राहिल्या फक्त चाळीस मोटारी! अरे, मोटार जेवढी वीज खाते, तेवढी उष्णता शेवटी आमच्याच अंगावर ओकते. इथे चुकून शिरलेली चिमणी भाजूनच बाहेर पडते! साहेब आले होते रविवारी, सगळं बंद असताना. आमच्या जगण्याचं माप घेणारे नेहमी सुट्टीच्याच दिवशी कसे येतात?

“मशिनं चालू असताना का नाही आलात?” मी किंचाळलो.

“तेव्हा आत फार उकडतं,” साहेब म्हणाले.