सुटलेले रोजे

छातीवर उजवा हात ठेवायचा, मान किंचित झुकवायची आणि म्हणायचं, "नो थँक यू, मिस. फास्टिंग." इतक्या अदबीने नाही म्हणणारी पंधरा वर्षांची मुलगी मी बर्मिंगहॅममध्ये दुसरी पाहिली नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तिथे होतो. घरी बसून कंटाळले म्हणून मी मुलींच्या एका शाळेत डिनर लेडीचं काम धरलं. नाव भारदस्त, काम म्हणजे दुपारच्या सुट्टीत हॉलमध्ये उभं राहून मुलींवर लक्ष ठेवणं. पाय दुखून यायचे. ही मुलगी मूळची येमेनची, पण जन्म बर्मिंगहॅमचाच. रमझानमध्ये रोजे धरणाऱ्या मुली लायब्ररीत बसत. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. ईद झाल्यावर बाकीच्या हॉलमध्ये जेवायला परतल्या, ही एकटी कॉरिडॉरमध्ये रेडिएटरला टेकून उभी. मी डब्यातली चकली पुढे केली, तर छातीवर हात.

"मिस, सुटलेले दिवस भरून काढतेय."

पाळीच्या दिवसांत रोजा धरत नाहीत, ते दिवस नंतर भरून द्यायचे असतात, हे तिनेच मला सांगितलं. मला तिचं भारी कौतुक वाटलं. माझा सोमवारचा उपवास स्टाफरूममध्ये समजावून सांगता सांगता मी थकले होते. हिला तो एका वाक्यात कळला. फक्त साबुदाण्याच्या खिचडीपाशी ती अडली.

"दाणे, बटाटा, तूप? मिस, दॅट्स नॉट अ फास्ट, दॅट्स लंच!"

दोघी खूप हसलो.

मग ईदनंतरचे सहा जास्तीचे रोजे निघाले. मग दर सोमवार आणि गुरुवार. सोमवार म्हटल्यावर मी विरघळलेच. सुट्टीत प्रत्येकीने हॉलमध्ये गेलंच पाहिजे असा नियम होता. मी तिला कॉरिडॉरमध्ये राहू देत होते. पुढेपुढे मंगळवार-बुधवारीही ती तिथेच असायची, आणि मी विचारायचं सोडून दिलं होतं. तुम्ही म्हणाल, कसं कळलं नाही? खरंच, कसं कळलं नाही!

दाराच्या काचेत बघून ती विचारायची, "मिस, बी ऑनेस्ट. माझा चेहरा मोठा दिसतो?" घरी आत्या तिचे गाल ओढून माशाल्ला म्हणत आणि ताटात आणखी भात वाढत. समोर टीव्हीवर अरबी गायिका, सगळ्या काडीसारख्या.

"आत्यांना पण त्याच आवडतात, मिस. मग भात मलाच का?"

शाळेतल्या मुली तिला काय म्हणायच्या, ते मात्र तिने कधी सांगितलं नाही.

नाताळच्या आधी तिचा ब्लेझर खांद्यावरून घसरू लागला. आपल्याकडे म्हणतात तसंच मी म्हणून बसले, "किती छान बारीक झालीस गं!" शब्द इंग्रजी होते, कौतुक अस्सल मराठी. ती इतकं गोड हसली, की ते हसू मला अजून नकोसं होतं.

जानेवारीत पीईच्या, म्हणजे खेळाच्या तासाला ती कोसळली. अँब्युलन्स आली. दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली, तेव्हा मला तिच्याजवळ बसायला सांगितलं. मोडक्या इंग्रजीत ती सांगत होती, की मुलगी घरी आली की म्हणायची, शाळेत पोटभर जेवले.

मी हळूच विचारलं, "रमझानमध्ये तिचे किती रोजे सुटले होते?"

"एकही नाही. सुटणार कसे? पाळीच बंद आहे तिची, उन्हाळ्यापासून. मला वाटलं, लहान आहे, होतं असं."

पाळीचे सुटून सुटून किती सुटणार? पाच-सहा दिवस. फार तर सात. मी बाई असून कधी मोजले नव्हते.

आईने माझा हात हातात घेतला. "घरी तुमचं फार नाव काढते. म्हणते, शाळेत ती एक मिसच माझ्याकडे बघते. थँक यू, सिस्टर."

मी तो हात तसाच धरून बसले. मग तिची हॉस्पिटलमध्ये मुलीला भेटायची वेळ झाली आणि ती उठून निघाली.

मुलगी शाळेत परत आली नाही. हॉस्पिटलमधून घरी सोडलंय म्हणून ऐकलं, नंतर सगळे लीड्सला नातेवाइकांकडे राहायला गेल्याचं कळलं. सावरतेय, असंही कुणीतरी म्हणालं. मी तेच धरून चालते.

ती जेवत नाही हे सबंध शाळेत मला एकटीला माहीत होतं. तिच्या आईला मी ते सांगितलं नाही.