अमोलला जुळणारं विशेषण

परवा पुणतांब्याला पुतणीच्या लेकीचं बारसं होतं. पाळणा मी लिहिलेला, आणि हौस म्हणून माइकवर म्हटलाही मीच. ‘निजली बाळी निवांत गं, गुणाची पोर ही शांत गं’ — आणि ती शांत पोर अशी किंचाळत होती, की माइकवाल्यानं माझाच आवाज वाढवला. बायका हसून हसून लोळल्या. मीही हसलो. पण मला माझं एक जुनं यमक आठवलं — कसं सांगू? हे त्या दिवसापर्यंत बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आमच्या सोनईत लग्न कुणाचंही निघो, मंगलाष्टकं माझी. पुतणीच्या, सुरेखाच्या लग्नातही माझीच. नवरदेवाचं नाव अमोल. आता त्याला जुळणारं विशेषण आणायचं कुठून? खोल? नवरी खोल कशी असेल? गोल लिहिलं असतं, तर वहिनीनं मला जेवायला वाढलं नसतं. म्हणून लिहिलं — अबोल. आणि सुरेखा? धार काढताना म्हशीशीसुद्धा गप्पा मारणारी पोरगी.

तिच्या सासूनं ते मनावर घेतलं. सून जरा बोलायला लागली, की म्हणायची, तुझ्या चुलत्यानं तर अबोल लिहिलं हुतं. पहिल्या दिवाळीला सुरेखा मला म्हणाली, “तात्या, ते यमकापायी हुतं, एवढं सांगा की त्यांना.”

मी तिच्या सासरी गेलो. पण पुरणपोळीवर तूप वाढता वाढता विहीणबाईंनी मंगलाष्टकांचं असं कौतुक केलं, की — नाही सांगितलं. आपण शब्द माणूस बघून नाही, यमक बघून लावतो, हे कोणत्या तोंडानं सांगणार? बरं, तिथं गप्प बसलो ते बसलो. सुरेखाला मात्र म्हणालो, सांगितलं. म्हणजे तिला काय वाटलं असेल? की खरं कळूनही सासूला मी गप्पच हवी आहे. ती गप्प झाली. माहेरी आली तरी गप्प. मी बघत होतो.

बारशात विहीणबाई हसत म्हणाल्या, “काय पाव्हनं, पोर शांत म्हनं. यमकापायी का?”

मी म्हटलं, हो. आणि अबोलही यमकापायीच. सुरेखानं तुम्हाला सांगायला सांगितलं होतं; मी सांगितलं नाही, वर तिच्याशी खोटं बोललो. माइक चालूच होता.

विहीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. “आसं हुतं व्हय,” म्हणत तिला शेजारी बसवून घेतलं. सुरेखा आधी हळू, मग भराभर बोलायला लागली — आम्ही निघेपर्यंत थांबली नव्हती. माझ्याशी मात्र एक अक्षर नाही.

परतताना बायको म्हणाली, “दिवाळीला तिला आनायला तुमीच जा. वाटंनं ती काय बोलंल ते समदं ऐकायचं. मधी यमक जुळवायचं न्हाई.”