डिफिकल्ट, ओव्हर

त्या वेळी आमची बटालियन सरहद्दीवरच्या डोंगरात होती. मी सिग्नल प्लाटूनचा हवालदार होतो. खाली दगडी बंकरमध्ये माझा कंट्रोल सेट, वर धारेवर वेगवेगळ्या पोस्ट. प्रत्येक पोस्टवर आमचा एक ऑपरेटर असे. पोस्ट ठरलेल्या वेळी ओके रिपोर्ट देत. मधूनमधून मी रेडिओ चेक घेत असे.

रेडिओ चेक म्हणजे माझा आवाज तुला कसा येतो, एवढाच प्रश्न. स्वच्छ ऐकू आला तर उत्तर ‘ओके’. खरखर असेल तर ‘डिफिकल्ट’. आपलं बोलून झालं आणि समोरच्याचं उत्तर हवं असलं की ‘ओव्हर’ म्हणायचं. उत्तर नको, बोलणं संपलं, तर ‘आउट’. नव्या जवानाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवत असे. नेटवर, म्हणजे सगळ्या सेटना एकदम ऐकू येणाऱ्या लाइनवर, गप्पा मारणाऱ्याला पाठीवर पिट्ठू लावून पळवत असे. माझं नेट स्वच्छ आहे असं साहेब लोक म्हणत, आणि मला त्याचा अभिमान होता.

लान्स नायक शेवाळे सर्वांत उंच पोस्टवर होता. सडपातळ, हसरा. मी बनारसचा मराठी माणूस. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत आहे. माझ्या मराठीत हिंदी फार, याची त्याला गंमत वाटे. “उस्ताद, तुम्ही बोलायला लागलात की मधूनच स्टेशन बदलतं,” असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. त्याला आईला काशी दाखवायची होती. उतरायचं तुमच्याकडेच, हे त्याने मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

त्या मोसमात त्याची रजा पुढे गेली. घरी बायकोशी काही बिनसलं होतं, हे कानावर होतं. रजा सगळ्यांचीच पुढे जाते, घरी सगळ्यांचंच बिनसतं, असं मी धरून चाललो.

एका दुपारी, लख्ख उन्हात, मी रेडिओ चेक घेतला. सगळ्या पोस्टनी ओके दिलं. शेवाळे म्हणाला, “डिफिकल्ट, ओव्हर.”

त्याचा आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ येत होता. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर.

“तुझा आवाज इथे एकदम क्लिअर आहे. बॅटरी बदल, एरियल बघ. नेटवर टाइमपास नको. आउट.”

मग, “रॉजर.”

संध्याकाळच्या ओके रिपोर्टला त्याची पोस्ट बोलली, पण आवाज दुसऱ्याचा होता. शेवाळेने आत्महत्या केली होती. कशी, ते मी लिहिणार नाही. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

चौकशीत मला विचारलं गेलं, त्या दिवशी संपर्कात काही वेगळं जाणवलं का? मी सावधान उभा राहून म्हणालो, “नाही साहेब. कम्युनिकेशन ओके.” तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं. युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. असं मरण आलेल्याचं कोरत नाहीत.

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि घरी आलो. आता एका बँकेत सुरक्षेचं काम पाहतो. पत्नी शुभदा शाळेत शिकवते. मुलगी रेवती कॉलेजात आहे. पुढचं तिच्या परवानगीने लिहितो आहे. मजकूर तिने आधी वाचला आणि दोन ठिकाणी माझी बढाई खोडली.

गेल्या वर्षी बनारसच्या जूनमध्येही ती पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालू लागली. जेवण कमी झालं. एकदा हात धुताना बाही वर गेली आणि तिच्या आईने पाहिलं. रेवती स्वतःला इजा करून घेत होती.

मी काय केलं? इन्स्पेक्शन. तिचं कपाट तपासलं, खोलीची कडी काढून टाकली, मोबाइल ताब्यात घेतला, सकाळी पळायला नेलं. “आई, ह्यांना सांग, ही छावनी नाहीये,” ती रडत म्हणाली. शुभदाने मला सांगितलं, की पोर आता आपल्यापासून जास्त लपवते आहे. मला पटलं नाही. रोज दाराबाहेरून विचारायचो, “ठीक आहेस ना?” ती म्हणायची, “ठीक.” आणि मी समाधानाने निघून जायचो.

एका दुपारी शुभदा शाळेत होती, वीज गेलेली होती. रेवती दारामागे खुर्ची लावून बसली होती. मी विचारलं. “ठीक,” ती म्हणाली. आवाज एकदम स्वच्छ. आणि मला तो बंकर आठवला. हा ओके रिपोर्ट होता. मीच तो सवयीचा करून टाकला होता.

मी दाराबाहेर फरशीवर बसलो. तिला शेवाळेबद्दल सांगितलं. आतापर्यंत शुभदालाही सांगितलं नव्हतं. ‘आउट’ म्हणालो तेही सांगितलं. शेवटी म्हणालो, “तुला ओके म्हणायची गरज नाही. डिफिकल्ट म्हटलंस तर मी कपाट उघडणार नाही. फक्त ऐकेन. ओव्हर.”



“डिफिकल्ट,” ती म्हणाली. मग, “बाबा, आत्ता खूप डिफिकल्ट आहे. मला काही चांगलं लागत नाहीये.”

“मी इथेच आहे. बाहेर येतेस, की मी आत येऊ?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिने हातातली वस्तू माझ्याकडे दिली. मी ती न बघता खिशात टाकली. का, कशाला, काहीच विचारलं नाही. आम्ही मोरीत गेलो. तिने बादलीतल्या गार पाण्यात दोन्ही हात बुडवले, तोंडावर पाणी मारलं. मग गच्चीच्या जिन्यात, सावलीत बसलो. मला त्यापुढे काही येत नव्हतं, म्हणून दिसेल त्याचं नाव घ्यायला सांगितलं, पोस्टवरून टेहळणी करतात तसं. माकड. पतंग. समोरच्यांची निळी टाकी. पुन्हा माकड. “तेच आहे, मघाचंच,” ती म्हणाली आणि नाक पुसत थोडी हसली. शुभदा आली तेव्हा आम्ही तिथेच होतो.

दुसऱ्या दिवशी तिघं मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाई म्हणाल्या, आम्ही जे चाचपडत केलं ते बरंच बरोबर होतं, इन्स्पेक्शन सोडून. इजा करून घ्यायची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि तिचं न ऐकता थांबलं तर उतरतेही. तेवढा वेळ काढायचा असतो. एकटीने काढायचा नसतो. इजा होईल अशा वस्तू तिच्याशी बोलून, तिच्या संमतीने लांब ठेवायच्या. श्वास सावकाश सोडायचा. हातांना काम द्यायचं. रेवतीने कणीक मळायचं निवडलं. अंगातला सगळा राग ती परातीत काढायची. काही दिवस आमच्याकडे इतक्या पोळ्या झाल्या, की गल्लीतल्या गाईने तोंड फिरवलं.

नेटसुद्धा ठरवलं. ती कुठूनही ‘डिफिकल्ट’ एवढंच पाठवते. मी उलट प्रश्न न विचारता ‘ऐकतोय’ लिहितो आणि पोहोचतो. मी ड्युटीवर अडकलो तर आई, आई वर्गात असेल तर माझी बहीण. मधला डोंगर आड आला की निरोप पुढे देणारा रिले सेट लावतात, तसं. पावसाळ्यात एकदा तिने कुणालाच कळवलं नाही आणि पुन्हा इजा करून घेतली. मी हादरलो, पण ओरडलो नाही. डॉक्टर म्हणाल्या, घसरणं म्हणजे हरणं नव्हे, जखम स्वच्छ करा आणि उद्या वेळेवर या. उपचार चालू आहेत. मीही त्यांच्याकडे जातो. एका वाक्याने कुणी मरत नाही, असं त्या मला सांगतात. काही दिवस पटतं, काही दिवस नाही.

पितृपक्षात आमच्याकडे चतुर्दशीला अपघाताने, शस्त्राने, अवेळी गेलेल्यांचं करतात. यंदा मी सकाळी पंचगंगा घाटावर गेलो. रेवती न बोलावता सोबत आली. कुर्त्याच्या बाह्या अर्ध्या होत्या. वाटेत विचारलं तेव्हा म्हणाली, “डिफिकल्ट. पण चालतंय.” तिच्या वेगाने चाललो.

गुरुजी ओळखीचे, लहानपणापासूनचे. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. गोत्र मला माहीत नव्हतं. “चालेल, काश्यप म्हणू,” ते म्हणाले. “नातं काय लागतं?”

“माझ्या नेटवर होता.”

त्यांना ते कळलं नसावं. त्यांनी मित्र म्हणून संकल्प सोडला. गेला कसा, हेही विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी चारचौघांत मोठ्याने सांगितलं, आणि ड्युटीवर असताना, हेही सांगितलं. ते म्हणाले, “पाणी सगळ्यांना पोचतं. घ्या ओंजळ.”

शेवाळेची आई अजून आहे. दिवाळीनंतर ती काशीला येणार आहे, आमच्याकडेच उतरणार आहे. मी फोन केला तेव्हा तिने एवढंच विचारलं, की तो शेवटी कुणाशी बोलला होता. तुम्ही आलात की समोर बसून सांगेन, असं मी म्हणालो. सांगणार आहे.

ओंजळीत तीळ आणि पाणी घेऊन मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. रेवती मागच्या पायरीवर होती. गुरुजींचा मंत्र संपला. मग मी त्या दुपारी द्यायला हवं होतं ते उत्तर दिलं.

“शेवाळे, डिफिकल्ट, समजलं. मी ऐकतोय. बोल. ओव्हर.”