मागून हाक

दुपारी वर्तमानपत्राची घडी उगारली, तोवर खिडकीवरची माशी उडालीसुद्धा. बरंच झालं. या घरात माझ्याशिवाय हलणारी ती एकटीच.

माझी मुलगी परदेशात माशीच्या डोळ्यावर संशोधन करते. फोनवर सांगत होती, "आई, त्यातली एकेक पेशी एकाच दिशेची हालचाल टिपते. उलट दिशेनं काही गेलं, की 'जागी हो' म्हणणाऱ्या संकेताला 'गप्प बस' म्हणणारा संकेत दाबून टाकतो."

ती निघाली तेव्हा माझ्याही ओठांवर 'थांब' आलं होतं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, म्हणून गिळलं.

त्या पेशीचं बरं आहे. गप्प बसली की तिला जाणारं दिसतही नाही. मी गप्प बसले, आणि रिक्षा वळेपर्यंत मला दिसतच राहिलं.