लाडकीबायचं बुचांचं जाकीट

घोलवडच्या आमच्या चिकूवाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "चिकू बघायला कोण येणार गं?" त्यांचं खरं ठरलं. गुजरातेत दारूबंदी, म्हणून वापी-सुरतेची मंडळी आमच्याकडे यायची ती चिकूच्या सावलीत वाइन प्यायला. चिकू झाडावरच राहायचे. सोमवारी खोल्या झाडून झाल्या की लाडकीबाय ओटीभर बुचं घेऊन मागच्या पडवीत यायची.

माझ्या नवऱ्याला, देवेशला, पर्यावरणाचं वेड. वेड चांगलं आहे, पण घरात राहणाऱ्यांना त्रासाचंच. त्याने पडवीत पोतं टांगलं आणि सगळ्यांना बजावलं, की वाइनची बुचं कचऱ्यात टाकायची नाहीत. ती एका परदेशी झाडाच्या सालीची असतात आणि मुंबईतली एक संस्था ती दळून त्यांच्या लाद्या, चपलांचे तळ करते. प्लॅस्टिकची मात्र वेगळी काढायची. ते काम लाडकीबायकडे आलं. ती प्रत्येक बूच दाताखाली धरून बघायची.

"लाडकीबाय, चढेल हं!" मी म्हणायचे.

"चढंल तं चढंल, बाय," ती हसायची. एकदा तिने देवेशला विचारलं, "भाऊ, साल काढली तं झाड मरत नाय?"

"नाही. नीट काढली तर पुन्हा साल धरतं. झाड जगतं."

तिला ते फार आवडलं होतं.

लाडकीबाय वारली समाजाची, तलासरीकडच्या पाड्यावरची. नवरा लाहू कधीच वारला होता. पोटी एकच मुलगा, तुषार. तो डहाणूच्या एका बोटीवर खलाशी म्हणून लागला आणि हिची झोप उडाली. पाड्यावरची माणसं डोंगर चढतील, ताडावर चढतील, पण पोहणं त्यांच्या सात पिढ्यांत नाही. बोटमालकाने लायसनपुरती घेतलेली लाइफ-जाकिटं केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होती. देवेशने तुषारला बाजारातून एक आणून दिलं, पण ते घालून जाळं ओढताना हात हलेनात. त्याने ते फळीखाली सारलं.

मग एके दिवशी बुचं निवडता निवडता ती थांबली. "भाऊ, बुचं लावलेलं जालं बुडत नाय. माज्या पोशाला, तुषारला, लावली तं?"

देवेश आधी हसला. मग त्याने अख्खं पोतं तिच्यापुढे ओतलं. मुंबईची संस्था बसली वाट बघत.

२०१६चा तो हिवाळा तिने त्यातच घालवला. छत्रीची काडी तापवून एकेका बुचाला भोक पाडलं. किनाऱ्यावर टाकून दिलेल्या जाळ्यांचा दोरा उसवून आणला आणि तुषारच्या जुन्या बनियनवर बुचांच्या ओळी शिवल्या, पाठीवर दाट, काखेत मोकळ्या. आमच्या वाडीतल्या हौदात परीक्षा झाली. तुषारने उडी मारली आणि दुधी भोपळ्यासारखा वर आला. ती काठावर बसून इतकी हसली की तिला रडूच फुटलं.

बोटीवर सगळे त्याला 'बाटली' म्हणून चिडवत. चिडवू देत. शिमग्याच्या सुमाराला तो खरंच पाण्यात पडला, आणि त्यांनी ओढून घेईपर्यंत तरंगत राहिला. त्यानंतर कोणी चिडवलं नाही. लाडकीबाय मला ते सांगायला धावत आली होती. एवढी सुखी मी तिला आधी पाहिली नव्हती, आणि नंतर तर नाहीच.

जूनमध्ये बोटी वर ओढल्या, तुषार पाड्यावर आला. पावसाळ्यात जे जपायचं ते चुलीवर टांगायचं, ही पाड्याची रीत. धुरात बियाण्याला कीड लागत नाही, बांबूची टोपली पिढीभर टिकते. लाडकीबायने जाकीटही चुलीवर टांगलं. ऑगस्टमध्ये ते मला दाखवायला घेऊन आली. काळं, चकचकीत, धुराचा वास मारणारं.

"आता याला काय होत नाय," ती म्हणाली. मलाही ते खरं वाटलं.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी निघाल्या. जाळं ओढताना दोर पायात अडकून तुषार पडला. बोट चालवणाऱ्या तांडेलाने पुढे सांगितलं, की तो वर आला होता. हात हलवून हसलासुद्धा. ते बोट वळवत होते, एवढ्यात एक मोठी लाट आली आणि जाकीट उसवलं. बुचंच बुचं पसरली, मधे तो, आणि मग नुसती बुचं.

तुषारचा देह झाईच्या किनाऱ्याला सापडला. दिवसकार्य झाल्यावर आमच्या किनाऱ्यावर बुचं लागू लागली. भरतीच्या फेसात काळी बुचं. दुसऱ्या कोणाची असणार! मी तिला सांगणार नव्हते. पण अशा गोष्टी सांगायला माणसं टपलेलीच असतात. ती आली, वाळूत बसली आणि बुचं पदरात गोळा करू लागली. एका बुचात दोऱ्याचा तुकडा राहिला होता. तिने तो चिमटीत धरून ओढला. त्याचा भुगा झाला.

ती बोटांकडे बघत राहिली.

"बुचं नाय बुडली, बाय. दोरा गेला. प्लॅस्टिकचा दोरा, धुरानं खाल्ला. मीच टांगला."

मी तोंडाला येईल ते बोलले. लाट मोठी होती, नशीब, देवाची मर्जी. ती काही दूधखुळी नव्हती. रडले मी, ती नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो कोणावर काढावा ते मला कळत नाही. त्या धुराने तिच्या आज्यापणज्यांचं बियाणं राखलं होतं हो!

देवेशने पडवीतलं पोतं काढून टाकलं. त्याला बूच बघवेना. काही आठवड्यांनी ती कामावर आली आणि तिने पहिल्यांदा पोत्याचंच विचारलं.

"भाऊ, ते झाड. साल काढली तरी जगतं म्हनला होतास. खरंच जगतं?"

"जगतं," देवेश कसाबसा म्हणाला.

तिने पोतं परत आणायला लावलं. खाली बसली आणि बुचं चावून बघू लागली.

तेव्हापासून ती पाड्यावरच्या खलाशी पोरांसाठी जाकिटं शिवते. दोरा नवा, डहाणूच्या बाजारातून देवेश आणतो. मेअखेर बोटी वर आल्या की पोरं घरी जाताना जाकिटं आमच्या पडवीत ठेवून जातात. ऑगस्टमध्ये न्यायला येतात, तेव्हा ती एकेक टाका बोटं लाल होईस्तोवर ओढून बघते. पोरं खोळंबून उभी राहतात.

यंदा, २०१९च्या मेमध्ये, तुक्या म्हणून एक नवा पोरगा आला होता. जाकीट त्याला फार आवडलेलं. तो म्हणाला, "मावशे, मी घरीच ठेवीन ना. जपून ठेवीन."

तिने ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि आमच्या खुंटीला अडकवलं.

"नको," ती म्हणाली. "घरी चूल हाय."