गुणी लेकरू

माझ्या भाचीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं, म्हणून आम्ही अकोल्याच्या दवाखान्यात होतो. तिथे बाळांना छातीशी धरून ऊब द्यायच्या खोलीत तो रोज दिसायचा. बाळापूरच्या बाजारात भाजी विकणारा, चांगला धिप्पाड गडी. शर्टाची बटणं उघडी, छातीवर टोपडं घातलेलं मूठभर लेकरू आणि वरून बायकोची शाल. ती शेजारी झोपलेली असायची. लेकरू दचकू नये म्हणून हा खोकलासुद्धा गिळायचा. मध्येच हाताच्या पालथ्या बाजूने त्याचे तळवे चाचपायचा.

लेकराला काय झालं म्हणून मी विचारलं, तेव्हा कुजबुजला, "सारे म्हनत, लय गुणी लेकरू हाय, रडतच नाही. आमीबी खुश. मंग दूध ओढेना, पाय थंडेगार पडले, तवा धावत आनलं. सुस्तीले आमी गुण समजलो, ताई."

आमच्या घरीही न रडणाऱ्या बाळाचं असंच कौतुक चालायचं. मला त्या 'गुणी' शब्दाचाच राग आला.

त्याच्या लेकराला औषधं लागू पडत होती. एका सकाळी खोलीत खणखणीत रडणं घुमलं. त्याचंच लेकरू होतं, लालबुंद, मुठी आवळलेलं. कोपऱ्यातल्या आजी करवादल्या, "उगी कर ना बाप्पा त्याले!"

बायकोच्या हाती लेकरू देता देता, बाजारात ताजी मेथी आल्याचं ओरडून सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, "रडू द्या ना आजी! भूक लागली माह्या पोराले!"