घरी वाजत नाही

पोरांनी त्याला खरखरमामा म्हणायला सुरुवात केली. मग पोरांचे आईबाप म्हणायला लागले. शेवटी बायकोही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला आणखी काय म्हणणार? मामाला त्याचा राग नव्हता. "नावात खरखर असली तर असू दे. सेटमध्ये राहिली तर सांगा," असं तो म्हणायचा.

दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. मामा आत बसला की गिऱ्हाइकाने रस्त्यावरच उभं राहायचं. बाकाच्या कडा सोल्डरच्या चटक्यांनी काळ्या झालेल्या. राळेचा वास. फळ्यांवर पोट उघडं टाकून पडलेले रेडिओ. आणि पुढे, येणाऱ्याचा हात पोचेल असा, झाकणाला चीर पाडलेला एक पत्र्याचा डबा. हा डबा दुकानाचा नव्हता. रेडिओ केंद्राचा होता.

केंद्र त्याच रस्त्यावर, गोदामाच्या वरच्या मजल्यावर. गच्चीत टॉवर. ते सरकारचं नव्हतं, कुठल्या कंपनीचंही नव्हतं. ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर चालायचं. कुणाचं मांजर हरवलं, कुठला रस्ता खणलाय, कुणाची शिडी कुणाकडे राहिलीय, असलं सगळं त्यावर. मामाची बायको, म्हणजे सगळ्यांची मामी, रोज दुपारी लोकांनी पाठवलेले प्रश्न वाचायची आणि उत्तरं शोधून सांगायची. बिनपगारी. तरी जाताना केस नीट विंचरून जायची.

"रेडिओवर कोण बघतंय तुझे केस?"

"आवाजाला कळतं," मामी म्हणायची.

वर्गणी मामाच्या डब्यात पडायची. केंद्राचा जिना चढायला लोक बिचकत. मामाकडे बिचकत नसत. डबा मामापुढे आहे म्हणजे पैसा पोचणार. मामाची इस्टेट म्हणाल तर एवढीच.

एका सकाळी संचालकांनी त्याला वर बोलावलं. ट्रान्समीटरच्या खोलीत जळक्या रबराचा वास भरला होता. अँप्लिफायर गेला होता. आवाजाला लांब ढकलायचं काम त्याचं. मामाने मागचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"होईल?" संचालकांनी विचारलं.

"नवा आणला की होईल."

"आत्ता काय?"

"आत्ता त्याला वगळून तार थेट जोडता येईल. केंद्र चालू राहील. पण आवाज भाजीबाजाराच्या पलीकडे जायचा नाही."

"जोडा. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. पैसे यायचेत."

इंजिनियर पगार थकला म्हणून कधीच निघून गेला होता. मामाने तार जोडली. जिन्यात संचालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कुणी सेट घेऊन आलं तर सेटमध्ये बिघाड आहे म्हणा. तेवढं सांभाळून घ्या, मामा. लोकांना कळलं तर वर्गणी थांबेल. वर्गणी थांबली तर अँप्लिफायर कुठून येणार?"

मामाला ते पटलं. पटलं नसतं तर बरं झालं असतं.

पैसे गेले कुठे, हे त्याला माहीत होतं. तो केंद्राच्या समितीवर होता. अँप्लिफायर तापतो, हे त्याने मागेच बैठकीत सांगितलं होतं. संचालक हसून म्हणाले होते, "मामा, तापतंय ते पुढच्या वर्षी बघू. आधी दिसतंय ते नीट करू." मग स्टुडिओला दुहेरी काच बसली. श्रोत्यांच्या भेटीला जाण्यासाठी गाडी आली, अंगावर टॉवर रंगवलेली. ती भेटीला गेली एकदाच. आता तिच्या टायरांत हवा नव्हती आणि कुत्री तिच्याखाली दुपार काढत. नाकापेक्षा मोती जड. पण गाडीच्या ठरावाला मामाचाही हात वर होता. सगळ्यांचे वर होते. एकट्याने हात मांडीवर ठेवून बसणं त्याला जमलं नव्हतं.

पहिली आली शिंपीणकाकू. ती पुलापलीकडे राहायची, शाळेचे गणवेश शिवायची. मशीन आणि रेडिओ, दोन्ही दिवसभर चालू. तिने रेडिओ बाकावर ठेवला.

"मामा, ह्याच्या घशाला काय झालंय बघा. नुसता घरघरतो."

मामाने बटण फिरवलं. दुकान टॉवरच्या सावलीतच. मामीचा आवाज लख्ख आला.

"अगं बाई! इथे वाजतोय!"

"धूळ असेल," मामा म्हणाला. त्याने पाठ उघडली, ब्रश फिरवला, पाठ लावली. पैसे घेतले नाहीत. शिंपीणकाकूने ते पैसे डब्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी ती परत हजर. "घरी वाजत नाही. इथे बघा कसा चुरूचुरू बोलतोय. सासरी मुका आणि माहेरी बोलका."

मामा हसला. "सेल उतरले असतील."

सेल बदलले. मग अँटेना बदलली. तोवर इतरही यायला लागले. पुलापलीकडचे, कारखान्यामागचे, टेकडीवरचे. पेन्शनीत निघालेले एक मास्तर तर रोज यायचे. "तुमचं दुकान मंतरलेलं आहे का हो? इथून निघाला की ह्याची बोबडी वळते!" मामा म्हणायचा, राहू दे दोन दिवस. सेट साठत गेले. फळ्या संपल्या, मग जमिनीवर, मग स्टुलाखाली. संध्याकाळी एखादा चालू केला की चांगला वाजायचा. दुसरा केला की तोही. नखात रोग नसलेल्या आजाऱ्यांनी दुकान भरलं होतं.

मामाचा पाय हलायला लागला. बसला की गुडघा थडथड उडायचा. जेवताना तो मध्येच उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा.

"पाय हलवू नका. ताट हलतंय," मामी म्हणाली. मग थांबून म्हणाली, "एक विचारू? पत्रं कमी झालीत. पुलापलीकडून तर एकही नाही. माझ्या बोलण्यात काही चुकतंय का?"

"नाही गं."

"मग आवाजच म्हातारा झाला असेल."

त्या दिवसापासून मामी सकाळी गरम पाणी घ्यायला लागली. भिंतीकडे तोंड करून जुनी पत्रं मोठ्याने वाचायची. हळू, तोडून तोडून, लहान मुलाला शिकवावं तशी. मामा चपला घालून लवकर दुकानात जायचा.

तो संचालकांकडे गेला. पैसे आले का? येतायत. पुन्हा गेला. संचालकांच्या टेबलावर श्रोता मेळाव्याचा रंगीत फलक पसरलेला होता.

"मेळावा कशाला? आवाज पोचत नाही तिथे माणसं कुठून यायची?"

"उत्साह पाहिजे, मामा. उत्साह आला की पैसा येतो."

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"म्हणून तर आड सजवतोय," संचालक म्हणाले, आणि स्वतःच हसले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास बसायचा, एवढंच.

मग शिंपीणकाकूने जुना रेडिओ बाकावर आणून ठेवला. "ठेवून घ्या. सुट्या भागांसाठी कामी येईल. हा आता माझ्याकडे जगायचा नाही."

मामाने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तिच्यामागे मास्तर उभे होते, मास्तरांमागे आणखी कुणी. तो "बरं" म्हणाला. ती गेल्यावर त्याने त्या रेडिओचा स्पीकर सोडवला आणि मास्तरांच्या सेटला बसवला. मास्तरांचा स्पीकर चांगला होता. काकूचाही चांगला होता. पण काहीतरी केल्याशिवाय हात स्वस्थ बसत नव्हते.

आठवडा गेला नसेल. शिंपीणकाकू कोरं खोकं घेऊन आली. आत नवा रेडिओ, अंगावरचा कागदही न काढलेला.

"मशीनला मोटर बसवायची होती. म्हटलं, पाय अजून चालतायत, आधी हा घेऊ." तिने तो बाकावर ठेवला, पण हात काढला नाही. "घरी हाही वाजत नाही, मामा."

मामाने ब्रश उचलला आणि परत ठेवला.

तिने मागे पाहिलं. कुणी नव्हतं. मग आवाज खाली आणला. "खरं सांगा. माझ्या कानातच काही आहे का? मशीनपाशी बसून बसून?"

मामाचा गुडघा थांबला.

"सेट चांगला आहे," तो म्हणाला. "जुनाही चांगला होता. तुमचे कानही चांगले आहेत. केंद्रच तुमच्यापर्यंत येत नाही. मोठं यंत्र जळलंय. तार मी जोडली."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात, त्याच्याही आधीपासून."

तिने डब्याकडे पाहिलं. "म्हणजे मी ह्यात पैसे टाकले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही ब्रश फिरवत होतात."

"हो."

शिंपीणकाकू ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "माझा जुना द्या." मग तिला फळीवर तो दिसला. तबकडी होती, काटा होता, पोट रिकामं होतं. "जसा होता तसा हवा," ती म्हणाली. नवा तिथेच ठेवून ती निघून गेली.

घरी मामीला सांगताना त्याने चपलाही काढल्या नव्हत्या. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे इतके दिवस मी भाजीवाल्यांना प्रश्न वाचून दाखवत होते."

"हं."

"आणि तुम्ही मला गरम पाणी पिऊ दिलंत."

मामीने पेला उचलला, पाणी ओतून दिलं. पेला पालथा घातला.

"उद्या मी रेडिओवर सांगते."

"सांग. पण ज्यांना ऐकू येईल त्यांना सांगायची गरज नाही. ज्यांना गरज आहे त्यांना ऐकू यायचं नाही."

"मग तुम्ही जा. सायकल आहे ना? तोंडही आहे."

सकाळी त्याने डबा उचलला आणि केंद्राचा जिना चढला. संचालक काचेपलीकडे कुणाशी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हता. काच खरोखरच चांगली होती. ते बाहेर आले तेव्हा मामाने डबा टेबलावर, मेळाव्याच्या फलकावर ठेवला.

"हा आता माझ्याकडे नको. मी लोकांना सांगतोय."

"मामा, तुम्ही केंद्र बुडवाल! वर्गणी बंद होईल."

"होईल."

"मग अँप्लिफायर?"

"गाडी विका."

"ती गाडी कोण घेणार?" संचालक खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांना पुढचं वाक्य सुचलं नाही. मामा जिना उतरला.

मग त्याने सायकलला सेट बांधायला सुरुवात केली. मागे दोन, पुढे एक. दुपारभर लोकांचे रेडिओ घरपोच करायचे आणि दारात उभं राहून सांगायचं. मास्तर म्हणाले, "मला वाटलंच होतं." मास्तरांना सगळं आधीच वाटलेलं असतं. पण त्यांनी स्पीकर मुकाट परत दिला. एका घरात दार लावून घेतलं. एकीने तिथल्या तिथे वर्गणी पुढे केली, आणि घ्यायला मामाकडे डबा नव्हता. टेकडीवरचा म्हातारा एवढंच म्हणाला, "तुमच्याकडून नव्हतं वाटलं." तो उतार मामा सायकल हातात धरून उतरला.

परतताना तो एक सेट चालू ठेवायचा. मामीची वेळ तीच. पूल, कारखान्याची भिंत, शाळा, सगळीकडे फक्त खरखर. भाजीबाजार लागला की बाजाराच्या तोंडाशी, इस्त्रीवाल्याच्या दारात, आवाज उमटायचा. मामी सांगत असायची की केंद्र जेमतेम बाजारापर्यंत पोचतंय, ऐकणाऱ्यांनी पलीकडच्या ओळखीच्यांना सांगावं. मामा तिथे थांबायचा. दोन पावलं मागे, खरखर. दोन पावलं पुढे, मामी.

"रोज माझ्याच दारात काय थांबता?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"इथे मामी सुरू होते."

"आमच्या घरी ती बंदच होत नाही," इस्त्रीवाला म्हणाला. त्याच्या बायकोने आतून काहीतरी फेकून मारलं.

शिंपीणकाकूचं घर मामाने शेवटी ठेवलं होतं. जुना सेट त्याने पुन्हा जुळवला. तोच स्पीकर, तेच स्क्रू, जुन्याच भोकांत. तिने मशीनवरून मान वर केली नाही. मामाने रेडिओ खिडकीत ठेवला, बटण फिरवलं. खरखर.

"तोच आहे," तो म्हणाला.

"ओळखते मी." सुई शिवणीच्या टोकाला पोचली. तिने दोरा दाताने तोडला. "नव्याचं काय करायचं ते ऐका. तुम्ही विका. कमी आले तर वरचे तुम्ही घाला."

"घालतो."

"आणि वर्गणी हा वाजल्यावर. आधी नाही."

"बरोबर आहे."

त्याने बटणाकडे हात नेला.

"बंद नका करू," शिंपीणकाकू म्हणाली. "चालू राहू दे. आला आवाज तर कळायला नको?"

ती पुन्हा पाय मारायला लागली. मशीन आणि खरखर एकमेकांत मिसळली. मामा बाहेर आला. नवा सेट सायकलच्या मागे बांधून आणला होता. मामीची वेळ झालीच होती. त्याने तो चालू केला, पूर्ण मोठा. हा सेट लांबचा आवाज सगळ्यांत चांगला ओढायचा. म्हटलं, आज मामी थोडी अलीकडेच भेटेल.

पूल गेला. कारखान्याची भिंत गेली. शाळा गेली. इस्त्रीवाल्याचं दार आलं. मामा उतरला. दोन पावलं मागे गेला, दोन पावलं पुढे आला. त्याने अँटेना ताणली, काटा केसभर हलवला.

इस्त्रीवाल्याने इस्त्री हवेत धरली. "काय झालं? सेट बिघडला?"

"नाही," मामा म्हणाला. "सेट चांगला आहे."

त्याने सायकल पुढे ढकलली. बेकरी आली, गेली. कांद्यांचे ढीग आले. भाजीवाले वळून बघत होते. अर्धा बाजार मागे पडला. अजून खरखरच होती.